सुटलेला झेल कुणाच्या खात्यात?

अळणावर स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर महिनाभर एकच वाद चाललाय. आमच्या गावचं एक पोरगं आहे, वय पंधरा. नाव मुद्दाम देत नाही. पोर लहान आहे आणि गाव त्याहून लहान. त्याला यंदाच हुबळीच्या निवड चाचणीला धाडायचं की वर्षभर थांबवायचं, एवढाच प्रश्न. पण लोंढ्याची गाडी येऊन जाते, धारवाडची येऊन जाते, आणि वाद तिथंच.

एक पक्ष म्हणतो, "धाडा की! दोन सेंच्युऱ्या मारल्यात त्यानं. फिल्डिंगचं काय, तिकडं शिकवतात." दुसरा म्हणतो, "कसलं धाडताय अण्णा? परवाच्या मॅचमध्ये दोन कॅच सोडले. तिथं जाऊन गावाचं नाक कापून येईल." माझं म्हणणं असं की हे दोघंही एकाच वहीत बघून बोलतायत. एकाला त्या स्कोअरबुकात धावा दिसतात, दुसऱ्याला सुटलेले झेल. पोरगं कुणीच बघितलेलं नाही.

आधी सेंच्युरीवाल्यांचं बघू. त्यांचा हुकमी एक्का सचिन. सोळाव्या वर्षी, 15 नोव्हेंबर 1989 ला, कराचीत कसोटी खेळला, मग आमच्या पोरानं काय घोडं मारलंय? दाखला खरा आहे, पण अर्धा सांगितला जातो. कराचीआधी सचिननं मुंबईकडून रणजीचा हंगाम काढला होता, पदार्पणातच शतक ठोकलं होतं, आणि तरीही 1989 च्या सुरुवातीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर त्याला नेलं नव्हतं. म्हणजे वयाकडे न बघणाऱ्यांनीही थोडं थांबून बघितलं होतं. शिवाय 'सचिन' हे उदाहरण देणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून तिकिटं खपवणं. पृथ्वी शॉचं नाव या गाड्यावर कुणी काढत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये राजकोटला अठराव्या वर्षी पदार्पणात 134 करणारा तो पोरगा एकूण पाच कसोट्या खेळला. शेवटची 2020 ची ॲडलेड. तिथं तो 0 आणि 4 वर बाद झालाच, वर लाबुशेनचा सोपा झेलही त्याच्या हातून सुटला. तो संघाबाहेर गेला त्याची कारणं एक नव्हती, झेल तर त्यातलं लहान कारण. मला एवढंच म्हणायचंय की शतक हा तयारीचा दाखला होऊ शकत नाही.

"फिल्डिंग तिकडं शिकवतात" हे वाक्य तर मला चीड आणणारं. फिल्डिंग म्हणजे जणू लग्नात वरून मिळणारी टोपी! एकनाथ सोलकरला विचारा म्हणावं, पण तो 2005 मध्ये गेला. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळीकाम करणाऱ्याचा हा मुलगा 27 कसोट्या खेळला. फलंदाजीची सरासरी पंचविशीच्या आसपास, बळी अठरा. आजचा निवडकर्ता एवढ्यावर तोंड वाकडं करेल. पण झेल त्रेपन्न! म्हणजे कसोटीमागे जवळजवळ दोन, तेही बहुतेक शॉर्ट लेगला, हेल्मेट नसताना. 1971 च्या ओव्हलवर चंद्रशेखरनं इंग्लंडला 101 त गुंडाळलं असं आपण सांगतो. आकडा 38 धावांत 6 बळी, नाकारणार कोण? पण फ्लेचर आणि नॉट या दोघांचे झेल कुणी घेतले? नॉटचा तर पुढे झेपावून, गवताला टेकता टेकता. तो सुटला असता तर जिंकायला 173 च करायच्या होत्या असं कशावरून?

आता झेल मोजणाऱ्यांकडे वळतो. हे लोक मला जास्त अवघड वाटतात, कारण त्यांच्या हातात आकडा आहे आणि आकडा खरा आहे. दोन झेल सुटले, मान्य. मग मी त्यांना अमेरिकेतला एक आकडा देतो, तोही खराच. तिकडच्या बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप ही जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये असते. आपल्याकडच्या पॉइंट-कव्हरची आणि थोडी शॉर्ट लेगची जात एकत्र करावी तशी. उजव्या हाताच्या फलंदाजांचे सपाट फटके तिकडेच जास्त येतात. जमिनीवरून चेंडू उचलायचा आणि पलीकडच्या पहिल्या बेसवर फेकायचा. मारणारा सत्तावीस मीटर पळून चार सेकंदांच्या आगेमागे तिथं पोचतो, त्याच्या आत. या जागेवर 1993 मध्ये डेरेक जीटर नावाचं एकोणीस वर्षांचं पोरगं खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होतं. त्या एका हंगामात त्यानं 56 चुका केल्या. छप्पन्न! आमच्या चहाच्या गाड्यानं त्याला त्याच दिवशी घरी धाडला असता.

न्यूयॉर्क यँकीज या त्याच्या संघानं धाडला नाही. हंगाम संपल्यावर त्याला ब्रायन बटरफील्ड या प्रशिक्षकाच्या हवाली केलं, आणि पाचेक आठवडे त्याच्याकडून हात-पायांचंच काम करून घेतलं. 1996 ला तो त्या वर्षीचा उत्कृष्ट नवोदित ठरला. पुढे त्याच जागेवर 2014 पर्यंत खेळला, क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लोव्ह त्याच्या नावावर आहेत.

इथं थांबलो तर मीही सेंच्युरीवाल्यांसारखा अर्धा दाखला देणारा ठरेन. कारण याच जीटरबद्दल तिकडचे आकडेशास्त्री पुढे वर्षानुवर्षं ओरडत राहिले की बाबांनो, हा चुका कमी करतो खरा, पण याच्या बगलेतून जाणाऱ्या कितीतरी चेंडूंपर्यंत हा पोचतच नाही. आणि ज्या चेंडूला हातच लागला नाही, त्याची चूक कुणी लिहीत नाही. माझ्या मते सगळा वाद इथंच निकालात निघतो. पोरवयात छप्पन्न चुका करणारा वाटतो तेवढा वाईट नव्हता, आणि मोठेपणी चुका न करणारा वाटतो तेवढा चांगला नसेल. चुकांची वही दोन्ही वेळा खोटं बोलली.

परवाची मॅच मी सीमेपाशी सागवानाच्या सावलीत बसून बघितली. पहिला झेल 'सुटला' तो असा: कट मारला, चेंडू हवेत, पॉइंटच्या डावीकडे चांगला दोन हात लांब. पोरगं बॅटवर चेंडू लागायच्या क्षणीच हललं होतं. आडवं पडलं, डाव्या पंजाला चेंडू लागला आणि खाली पडला. लिहिणाऱ्यानं लिहिलं, झेल सोडला. त्या जागी आमच्या टीममधला दुसरा कुणीही असता तर चौकार लिहिला असता, आणि त्या दुसऱ्याला कुणी नाव ठेवलं नसतं. दुसरा झेल मात्र सरळ पोटाशी आला होता आणि हात कडक ठेवल्यामुळे उडाला. ती चूकच, त्यात वकिली नको.

पण मी त्यानंतरचा चेंडू बघत होतो. झेल सोडलेलं पोर बहुधा पुढच्या चेंडूला टाचांवर उभं असतं, मनात 'आता इकडं येऊ नको' म्हणत. हे चवड्यांवर होतं. दोन पावलं आत चालत आलं, बॉल आपल्याकडेच येणार अशा थाटात. दोन चेंडूंनी तो आलाच, आणि यानं धावत पुढे होऊन एका हातानं उचलून यष्टिरक्षकाच्या हातात फेकला. धाव निघाली नाही. वहीत त्या जागी एक टिंब आहे.

खोट आहे ती दुसरीकडे, आणि ती दोन्ही पक्षांना दिसलेली नाही. आमचं मैदान तांबड्या मातीचं, पावसाळ्यात घळी पडलेलं. चेंडू कधी नाकाशी उडेल याचा भरवसा नाही. म्हणून आमची पोरं सपाट चेंडूला अंगावर येऊ देतात, छाती आडवी घालतात, मग उचलतात. परवा यानं पुढे धावून उचलला तो एकच चेंडू झाला. एरवी यालाही तीच सवय आहे. हुबळीच्या हिरवळीवर त्या अर्ध्या क्षणात फलंदाज दुसऱ्या टोकाला टेकलेला असेल. पण ही भीती मैदानानं लावलेली आहे, पोराच्या अंगची नाही. पाचेक आठवडे चांगल्या मैदानावर रोज शंभर चेंडू पळत जाऊन उचलले तर ती जाईल असं मला वाटतं. वर्षभर इथंच ठेवलं तर मुरेल.

तेव्हा माझा निकाल असा: पोराला यंदाच धाडावं. निवड झाली नाही तरी आभाळ कोसळत नाही. गदगच्या सुनील जोशीला याच भागातून वर जाऊन पहिली कसोटी खेळायला 1996 साल उजाडलं. तेव्हा त्याची पंचविशी उलटली होती.

रविवारी सकाळी परत मॅच आहे. गाड्यावरच्या सगळ्यांना बोलावणं आहे. पोरगं पॉइंटलाच असेल. स्कोअररच्या टेबलापासून जरा लांब बसा, आणि चेंडू सुटला की त्याच्या हाताकडे बघू नका, पुढच्या चेंडूला त्याचे पाय बघा.