गल्ल्याआधी गणित

मराठी माणूस धंद्यात मागे का, या विषयावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झडतात. त्यात साहसाच्या अभावावर बोट ठेवले जाते. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. आज मराठी तरुण धडाक्याने उपाहारगृहे काढतो आहे. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी आणि आईचे दागिने त्यात घालतो आहे. उणीव साहसाची नसून हिशेबाची आहे.

उदाहरणादाखल शहराच्या उपनगरातील वीस-बावीस खुर्च्यांचे उपाहारगृह घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत. गावागणिक ते बदलतील. डागडुजी व स्वयंपाकघर २ लाख, शेगड्या, फ्रीज, भांडी, टेबल-खुर्च्या ३ लाख, परवाने व पहिला किराणा ३० हजार. घरातील बैठकीत बेरीज येथेच थांबते : ५ लाख ३० हजार.

खरा खर्च यापुढे सुरू होतो. भाडे दरमहा ३० हजार असेल, तर सहा महिन्यांची अनामत १ लाख ८० हजार, दलाली ३० हजार आणि दुरुस्ती चालू असताना दोन महिन्यांचे भाडे ६० हजार. बेरीज ८ लाखांवर जाते. उपाहारगृहाच्या ५ टक्के जीएसटीत खरेदीवरील कराची वजावट नाही, म्हणून यंत्रसामग्रीवरील करही खर्चातच धरावा लागतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात वापरणे बेकायदा. १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो.

उद्घाटनाचा नारळ फुटला की दरमहाचा खर्च सुरू होतो. भाडे ३०, चार कामगारांचे वेतन ६० आणि वीज-गॅस २० असे १ लाख १० हजार. शंभर रुपयांच्या विक्रीत ३५ रुपये शिधासामग्रीचे धरले, तर महिन्याचे २६ दिवस रोज साडेसहा हजारांची विक्री झाल्यावरच तोंडमिळवणी होते. म्हणजे ६५ रुपयांचे बिल देणारी शंभर गिऱ्हाइके. सुरुवातीला पन्नासच आली, तर महिन्याला ५५ हजारांची तूट. सहा महिन्यांत ३ लाख ३० हजार! एकूण गरज ११ लाख ३० हजारांची, म्हणजे घरच्या बेरजेच्या दुपटीहून अधिक. यात मालकाचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते धरलेलेच नाहीत. दुकान अनेकदा बंद पडते ते चव बिघडली म्हणून नव्हे, तर चौथ्या महिन्यात खेळते भांडवल संपले म्हणून.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेमुळे विनातारण कर्जाची वाट मोकळी झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु कर्ज हे भांडवल असते, उत्पन्न नव्हे. माटुंग्यात १९४२ साली ए. रामा नायक यांनी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. उडुपीकडून मुंबईत आलेल्या अनेकांनी आधी दुसऱ्याच्या भटारखान्यात उमेदवारी केली आणि मग स्वतःची पाटी लावली. मराठी तरुणानेही गुंतवणुकीपूर्वी सहा महिने अशी उमेदवारी करण्यात कमीपणा मानू नये.

समाजाचेही कर्तव्य आहे. वस्तीवस्तीत सनदी लेखापाल, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, मुरलेले व्यापारी आहेत. धाडसाचे कौतुक करणाऱ्या हितचिंतकांनी त्या तरुणासोबत एक संध्याकाळ वही घेऊन बसावे. दुकान सुरू झाल्यावर ओळखीचा हवाला देऊन उधारी मागू नये. रोख पैसे मोजून जेवावे. स्वदेशीचा आग्रह घोषणेत नव्हे, अशा व्यवहारात दिसतो. गल्ल्यावर बसण्याची हौस चांगलीच. पण गल्ल्याआधी गणित हवे.