'घरच्यासारख्या' बाईचा करार

गेल्या महिन्यात एक ताई घडी घातलेला कागद घेऊन माझ्याकडे आल्या. अकरा महिन्यांचा करार. सकाळी 8 ते संध्याकाळी 7 वर्षाचे मूल सांभाळायचे. बाईने मुदतीआधी काम सोडले तर एक महिन्याचा पगार कापणार. आणि घरच्यांनीच मुदतीआधी काढले तर? त्यावर एक अक्षर नाही! पाचव्या महिन्याच्या 18 तारखेला गावाहून आजी आली आणि ताईंना दारातच सांगितले गेले, "उद्यापासून येऊ नका." अठरा दिवसांचा पगारही अडकला.

काढणारे कोण? आपलेच. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, नवरा-बायको दोघेही नोकरदार, त्यातला एक कामगार संघटनेचा पदाधिकारी. मी फोन केला तर म्हणतात, "वकीलताई, बाई घरच्यासारखी होती, तिच्याशी कसला कायदा?" रविवारी बोलावताना घरची, पगार कापताना नोकर. वा रे न्याय!

आपले मूल कोणाकडे ठेवायचे हा आईबापांचा अधिकार आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. हिलाच कामावर ठेवा, असे कोर्टही सांगणार नाही आणि नको असलेल्या घरी बाईलाही जबरदस्तीने राबवणार नाही. पण भरलेल्या दिवसांचे पैसे द्यावेच लागतात. मुदतीआधी करार मोडून झालेले नुकसान 1872 च्या करार कायद्याच्या कलम 73 खाली मागता येते. आणि दंड लिहून घेतला म्हणून सबंध महिना गिळता येत नाही. कलम 74 वाजवी भरपाईच देते.

हे सारे दिवाणी कोर्टाचे काम. महिन्याच्या पगारासाठी कोणती बाई तिथे तारखा घेत बसेल? महाराष्ट्राचा 2008 चा घरेलू कामगार कायदा नोंदणी आणि कल्याण योजनांपुरता आहे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने तर घरगुती सेवेला 'उद्योगा'च्या व्याख्येबाहेर ठेवले. म्हणजे पदाधिकारी महाशयांना स्वतःसाठी जी नोटीस हवी असते, ती त्यांच्या घरातल्या बाईला कुठलाच कायदा देत नाही. मग ती कागदावर त्यांनीच लिहायला हवी होती : एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, दोन्ही बाजूंना सारखी.

ताईंनी पैशाआधी दुसरेच विचारले होते. "पोरगं माझ्याच हातनं जेवायचं. त्याला एकदा भेटू देतील का?" यासाठी कुठले कलम दाखवू?

आठवड्याने अठरा दिवसांचे पैसे आले. नोटीसच्या महिन्यावर अजून बोलणी चालू आहेत.