आगाखान महालाचा विस्मृत अध्याय

पुण्याच्या नगर रस्त्यावर, येरवड्याजवळ उभा असलेला आगाखान महाल आज राष्ट्रीय स्मारक व संग्रहालय म्हणून सर्वांना परिचित आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या महात्मा गांधींना ६ मे १९४४ पर्यंत येथेच स्थानबद्ध करून ठेवण्यात आले होते. पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई येथे निवर्तले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी येथेच देह ठेवला. १९६९ साली चौथ्या आगाखानांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली. त्या दोन समाध्यांपुढे नतमस्तक होऊन प्रेक्षक परततो, हे उचितच आहे.

परंतु या वास्तूचा इतिहास १९४२ साली सुरू होत नाही. तिसरे आगाखान सुलतान महंमद शहा यांनी १८९२ च्या सुमारास हा महाल बांधविला, तो परिसरातील दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे म्हणून. सुमारे एक हजार माणसे पाच वर्षे येथे राबली आणि बारा लाख रुपये खर्च झाले, असे सांगितले जाते. महालाच्या परिचयात ही हकीकत बहुधा एका वाक्यात आटोपते. पण ते वाक्य विचार करावयास लावणारे आहे.

दुष्काळ म्हणजे केवळ धान्याचा अभाव नव्हे. पेठेत धान्य असते, पण शेतमजुराच्या कनवटीला ते घेण्यापुरता पैसा नसतो, हे त्याचे खरे स्वरूप होय. म्हणूनच दुष्काळी कामावर मजुरी किती, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी ही मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १९४३ साली, गांधीजी याच महालात बंदिवान असताना, बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मेली. १९७२ च्या दुष्काळाची झळ सोसलेल्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली संसदेने त्या तत्त्वाला देशव्यापी रूप दिले. एका धनिकाच्या औदार्याने मिळालेले काम आणि कायद्याने मागता येणारे काम यांत केवढे अंतर आहे, हे सांगण्यास या महालाहून योग्य जागा कोणती?

असे केल्याने गांधी-स्मारकाचे पावित्र्य उणावेल, ही शंका अनाठायी आहे. अंगमेहनतीखेरीज भाकरी खाऊ नये, असे मानणाऱ्या पुरुषाचे हे स्मारक आहे. दगड वाहणाऱ्या हातांची आठवण त्याला परकी कशी ठरेल? त्या काळची मजुरी, ज्वारीचे भाव आणि दुष्काळी कामांचे नियम मांडणारे एखादे दालन फार खर्चाचे नाही. ते होईपर्यंत, मुलांना सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी महालाच्या कमानींखाली क्षणभर थांबून, येथे कोण राहिले याबरोबरच हे कोणी बांधले, एवढा प्रश्न जरी विचारला, तरी इतिहासाचा एक राहिलेला धडा शिकविल्यासारखे होईल.