सदाचाराला चांदण्यांचा मोबदला?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मूल्यशिक्षण आणि तंत्रज्ञान या दोहोंवर भर दिला. बाजाराने तत्परतेने दोहोंची एकच मोळी बांधली! टॅबवर चित्रफीत पाहावी, 'रस्त्यात पाकीट सापडले तर काय कराल?' या प्रश्नाचे योग्य उत्तर निवडावे, की पडद्यावर तीन चांदण्या चमकतात आणि आठ वर्षांचे मूल प्रामाणिक ठरते. योग्य उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. कसोटी लागते ती पाकीट खरोखर सापडते आणि आजूबाजूला कोणी नसते तेव्हा. चांदण्यांना सोकावलेले मूल त्या क्षणी मोबदलाच शोधेल. सदाचाराचा असा व्यवहार मांडला जात असताना सुशिक्षित पालक त्यावर प्रसन्न असावेत, ही चिंतेची बाब आहे.

म्हणून पडदाच त्याज्य ठरविणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. डोळे पुसत चित्रपटगृहाबाहेर पडलेल्या पिढ्यांवर त्या पडद्याने संस्कार केलेच. मात्र तेथे अश्रूंना कोणी गुण दिले नव्हते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या त्यांच्या कल्पकतेची सर्वत्र चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु दहा लाख डॉलरच्या पारितोषिकातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटण्याचे त्यांनी जाहीर केले. मुलांना चारित्र्य दिसले असेल तर ते येथे. कोणत्याही कोडमागे ते दडलेले नव्हते.

पाच मुलांमागे एकच टॅब, ही शाळेची उणीव मानली जाते. मूल्यशिक्षणाच्या दृष्टीने ती पर्वणी आहे! आपली पाळी संपताच तो शेजाऱ्याच्या हाती देणे, अडलेल्याला समजावणे, पडून काच फुटली तर 'माझ्या हातून फुटली' असे गुरुजींना सांगणे, यात औदार्य आहे आणि सत्यही. त्याच टॅबवर मुलांनी गावातील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. दुसऱ्याचे बोलणे न तोडता ऐकणे आणि पदरचे काही न घालता ते वर्गात सांगणे, हा सराव कोणती चित्रफीत देणार?

त्यासाठी गुरुजींना वेळ हवा. माहितीचे तक्ते भरण्यात त्यांचा दिवस संपणार असेल, तर संस्कारांची चित्रफीत लावून ते तक्ते भरत बसतील. नवे टॅब घेण्यास निघालेल्या शाळांच्या संचालकांना पालकांनी प्रथम याविषयी जाब विचारावा.