खेळाडू होणे आणि प्रशिक्षक होणे

दुकानातील वजनांवर वैधमापन विभागाचा शिक्का नसेल, तर सचोटीचा व्यापारी त्यांनी माल तोलत नाही. शिक्का असला तरी ठरावीक मुदतीने वजने पुन्हा तपासून घ्यावी लागतात, कारण वापराने लोखंडही झिजते. हाच व्यापारी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला क्रीडांगणावर सोडताना मात्र प्रशिक्षकाजवळ कोणता शिक्का आहे, याची क्वचितच चौकशी करतो. भिंतीवरची पदके आणि मैदानावरची गर्दी पाहून त्याचे समाधान होते. पुढे त्याच घरातील मुलगी ‘मला प्रशिक्षक व्हायचे आहे’ असे म्हणाली, की ‘खेळता येते, मग आणखी शिकायचे काय राहिले?’ असा प्रश्न केला जातो. दोन्ही प्रसंगी गैरसमज एकच असतो. उत्तम खेळणे आणि उत्तम शिकवणे ही एकच विद्या आहे, असे गृहीत धरले जाते.

वास्तव निराळे आहे. रमाकांत आचरेकर खेळाडू म्हणून प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. परंतु प्रशिक्षक म्हणून त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शिवाजी पार्कवर सराव संपत आला, की ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. फलंदाज बाद झाला तर नाणे गोलंदाजाचे, शेवटपर्यंत टिकला तर फलंदाजाचे. नाण्याची किंमत किरकोळ होती. पण थकलेल्या मुलाचे लक्ष नेमके केव्हा ढळते आणि ते कशाने टिकते, याची जाण त्यामागे होती. १९८५ साली हा पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते आणि पी. टी. उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियारही होते. वेगाने धावणाऱ्या उषांना नंबियार यांनी चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. शिष्याचे बळ कोणत्या शर्यतीत खुलेल, हे ओळखणारी ती नजर होती.

अशी नजर काहींना उपजत असते. इतरांना ती अभ्यासाने कमवावी लागते. पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली याच हेतूने स्थापन झाली. तेथील एक वर्षाची प्रशिक्षण पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम देशभर ओळखले जातात. फुटबॉलमध्ये ‘डी’ परवान्यापासून ‘प्रो’ परवान्यापर्यंत पायऱ्या आहेत. क्रिकेटमध्येही स्तरानुसार परीक्षा असतात. बुद्धिबळात जागतिक महासंघ प्रशिक्षकांना श्रेणी देतो. पदविकेच्या अभ्यासात खेळाच्या तंत्राबरोबर शरीररचना, व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र आणि सरावाची आखणी हे विषय येतात.

या विषयांचा मैदानावर उपयोग कसा होतो, हे एका साध्या उदाहरणाने कळते. बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीचा स्मॅश वारंवार जाळ्यात अडकतो. अननुभवी माणूस ‘जोर लाव’ असे सांगतो. जाणता प्रशिक्षक तिच्या पायांकडे पाहतो. ती शटलच्या मागे उशिरा पोहोचते, म्हणून फटका खाली जातो, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो एका वेळी एकच सुधारणा सांगतो. सरावाने शरीर थकते आणि त्याची खरी घडण विश्रांतीत होते, हेही तो जाणतो. तेरा वर्षांची दोन मुले शरीराने सारख्याच वयाची असतात असे नाही. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग नाजूक असतो. सर्वांना एकाच मापाने राबवणारा प्रशिक्षक आज करंडक आणील, पण एखाद्या मुलाचा गुडघा कायमचा दुखावून बसेल.

जैन घरांना या ज्ञानाची गरज आणखी एका कारणाने आहे. चौविहार पाळणाऱ्या मुलाला सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य असते. संध्याकाळचा सराव उशिरापर्यंत लांबला, तर श्रमानंतरचे भोजन आणि पाणी दोन्ही हुकतात. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात काही मुले उपवास, आयंबिल किंवा एकासणे करतात. अशा वेळी अर्धवट माहितीचा प्रशिक्षक एक तर व्रताची थट्टा करतो, नाही तर काहीच न विचारता नेहमीइतकेच पळवतो. पाण्याविना उपवास असलेल्या मुलाला उन्हात धावायला लावणे धोक्याचे असते. शरीराचे शास्त्र शिकलेला प्रशिक्षक आधी विचारतो, सरावाची वेळ अलीकडे आणतो, त्या दिवसांचा भार कमी करतो आणि पारण्यानंतर तो हळूहळू वाढवतो. त्यासाठी पालकांनीही व्रताची कल्पना त्याला आधीच द्यायला हवी. मुलाने श्रद्धा आणि खेळ यांपैकी एक निवडावे, अशी वेळ बहुधा अज्ञानामुळेच येते.

कौशल्याइतकाच विश्वासाचा प्रश्न मोठा आहे. प्रशिक्षकाला प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याची क्रिया यायला हवी. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या पॉक्सो कायद्याची त्याला माहिती हवी आणि एकट्या मुलाला बंद खोलीत न शिकवण्याची शिस्त हवी. पूरक आहाराच्या डब्यात निषिद्ध द्रव्य निघाले, तर ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर खेळाडूची सुटका होत नाही. असे द्रव्य देणारा प्रशिक्षकही शिक्षेस पात्र ठरतो. खाण्याच्या वस्तूच्या वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय जैन घरांत जुनीच आहे. मैदानावरही ती सोडता कामा नये.

पेढीवर नव्याने आलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली दिली जात नाही. तो माल ओळखतो, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकतो, चोपडी लिहितो आणि मग जबाबदारी घेतो. प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलीचा मार्गही असाच आहे. पदवी, खेळातील अनुभव, पदविका, एखाद्या जाणत्याच्या हाताखाली काही वर्षांची उमेदवारी आणि त्यानंतर स्वतःचे शिष्य. घराने तिला ही वर्षे दिली, तर ती शिकून तयार होईल. आणि मुलाला नव्या मैदानावर सोडायला गेलेल्या पालकाने पदके पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षण कोठे घेतले? मूल जखमी झाले तर पहिल्या पाच मिनिटांत काय करता? आणि सरावाला विश्रांती कधी देता?