मोजमाप कोणाच्या पट्टीने?

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाला घरी पाठविताना आपण पायांतील शक्ती, मूत्राशयाचे कार्य, शय्याव्रण या साऱ्यांची काटेकोर नोंद करतो. त्याच्या जगण्याची प्रत कशी आहे, हे मात्र बहुधा आपल्याच अंदाजाने ठरते. या अंदाजावर माझा विश्वास नाही.

त्याला कारण आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत तातडीच्या सेवेतील डॉक्टर, परिचारिका आदींना विचारण्यात आले की, अशी गंभीर इजा तुम्हांला झाली तर जिवंत राहिल्याचा आनंद वाटेल काय? केवळ १८ टक्क्यांनी होकार दिला. प्रत्यक्ष इजाग्रस्तांत हेच प्रमाण ९२ टक्के होते!

मोजपट्ट्यांतही हा पूर्वग्रह दडलेला असतो. 'एसएफ-३६' ही प्रश्नावली जिने चढणे, मैलभर चालणे याविषयी विचारते. चाकाच्या खुर्चीवरील मनुष्य तेथे प्रारंभीच अनुत्तीर्ण. 'स्किम' हे परिमाण जेवण, स्नान, श्वसन, हालचाल यांतील स्वावलंबन शंभर गुणांत उत्तम मोजते. पण स्वावलंबन म्हणजे समाधान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली मला अधिक न्याय्य वाटते. ती चालण्याऐवजी हिंडण्याफिरण्याविषयी विचारते आणि घर, पैसा, वाहतूक यांनाही स्थान देते.

ते स्थान हवेच. खडकी येथे १९७४ पासून असलेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात जखमी सैनिकाला उपचार, काम आणि समदुःखी सोबती एकाच आवारात लाभतात. तीच इजा घेऊन आपल्या गोत्रीतील लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर परतणाऱ्या तरुणाचे दिवस मणक्यापेक्षा जिनाच अधिक ठरवितो.

आणखी एक बाब, बडोदेकरांना सहज पटेल अशी. येथील मराठी माणूस दवाखान्यात सफाईने गुजराती बोलतो. दुखणे सांगतो, दुःख नव्हे. ते मराठीतच निघते. त्यातून शेजारी आई किंवा पत्नी उभी असली, की 'बरं चाललंय' यापलीकडे शब्द फुटत नाही. आणि लैंगिक जीवनावरील प्रश्न तर आपणच संकोचाने गाळून टाकतो.

म्हणून मंडळाच्या सभासदांना माझी सूचना आहे. ही प्रश्नावली रुग्ण घरी जाताना, सहा महिन्यांनी व वर्षाने, त्याच्या घरच्या भाषेत, आप्तांना बाहेर बसवून भरून घ्यावी. सव्वीसच्या सव्वीस प्रश्न विचारावेत, तो एक धरून.