सोळा पेन्स कीं अठरा पेन्स?

हुंडणावळीचा विषय निघाला कीं आमचा शेतकरी बंधु सहसा मान फिरवितो. हा पेढीवाल्यांचा व बंदरावरील व्यापाऱ्यांचा प्रश्न, नांगर धरणाऱ्यास त्याच्याशीं काय कर्तव्य, असें त्यास वाटतें. ही समजूत आमच्या मतें नुसती चुकीची नव्हे तर घातक आहे. रुपया व पौंड यांच्या दराचा इतिहास पाहिला असतां, या वादांत शेतकऱ्याचा आवाज सर्वांत क्षीण व त्याचा तोटा मात्र सर्वांत मोठा होता, हें स्पष्ट दिसतें.

१८७० च्या सुमारास एका रुपयास जवळजवळ दोन शिलिंग मिळत. पुढें जर्मनीप्रभृति राष्ट्रांनीं सोन्याचें नाणें स्वीकारलें, खाणींतून चांदीही विपुल निघूं लागली, आणि चांदीबरोबर रुपया उतरत गेला. सरकारास इंग्लंडांत दरसाल मोठ्या रकमा पौंडांत भराव्या लागत. रुपया उतरला कीं तितक्याच पौंडांस अधिक रुपये मोजणें भाग पडे. म्हणून १८९३ सालीं लोकांनीं आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणें टांकसाळींनीं बंद केलें. रुपयांचा पुरवठा आंखडला व १८९८ च्या सुमारास रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर येऊन स्थिरावला. एका पौंडास १५ रुपये हा दर पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला.

युद्धकाळीं चांदी महागली. १९२० सालीं सरकारानें रुपयाचा दर दोन शिलिंग सोनें असा ठरविला. चलन समितींतील दादीबा मेरवानजी दलाल यांनीं भिन्न मतपत्रिका जोडून १५ रुपयांचाच दर राखावा असें सांगितलें होतें. तें ऐकलें गेलें नाहीं. नवा दर कांहीं महिन्यांतच कोसळला, व १९२१ सालीं बाजारांत रुपया १६ पेन्सांच्याही खालीं गेला. यानंतर हिल्टन यंग कमिशननें १९२६ सालीं १ शिलिंग ६ पेन्स हा दर सुचविला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनीं १६ पेन्सांचा आग्रह धरून विरोध नोंदविला. तथापि १९२७ च्या कायद्यानें १८ पेन्सच कायम झाले. आतां पौंडास १५ रुपये न मिळतां १३ रुपये ५ आणे ४ पै मिळूं लागले.

दोन पेन्सांचा हा फरक शेतकऱ्याच्या घरीं कसा पोंचतो, तें हिशेबानें पाहूं. समजा, एका शेतकऱ्याच्या कापसास परदेशच्या बाजारांत ६० पौंड किंमत येते. मधला खर्च तूर्त बाजूस ठेविला तर जुन्या दरानें त्याचे ९०० रुपये होतात, नव्या दरानें ८००. सारा, सावकाराचें व्याज व हप्ता मिळून त्याचें देणें ४५० रुपये आहे असें धरूं. पूर्वी त्याच्या हातीं ४५० उरत. आतां ३५० उरतात. मालाचा भाव शेंकडा ११ नीं उतरला, पण घरखर्चास उरणारी रक्कम शेंकडा २२ हून अधिक घटली! सारा तीस वर्षांच्या जमाबंदीनें ठरलेला, कर्जरोखा जुन्या दराच्या काळीं लिहिलेला. रुपया चढला म्हणून त्यांतील एक आणाही कमी झाला नाहीं. आमच्या मतें खरा अन्याय येथें होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किंमती व मजुरी १८ पेन्सांच्या दराशीं बऱ्याच अंशीं जुळल्या आहेत, असें कमिशनचें म्हणणें होतें. रुपया चढल्यानें परदेशचें लोखंड, कापड, रॉकेल स्वस्त पडे, हेंही खरें. आणि डॉ. आंबेडकर यांनीं १९२३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, रुपया उतरल्यानें निर्यात करणाऱ्यास होणारा लाभ पुष्कळ अंशीं मजुराच्या वेतनांतून येतो, कारण महागाईच्या वेगानें मजुरी वाढत नाहीं. हा आक्षेप प्रामाणिक आहे. ज्यांच्या शेतावर मजूर राबतात अशा आम्हां जमीनदारांनीं तो विसरणें शोभणार नाहीं. म्हणून उतरता रुपया सदैव हिताचा, असें आम्ही म्हणत नाहीं. नाण्याचें मोल बदलतांना जुन्या देण्यांचा विचार झाला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

तो विचार न झाल्याचें फळ लवकरच दिसलें. १९२९ नंतर जगभर शेतमालाचे भाव कोसळले. सारा व कर्ज जागच्या जागीं राहिले. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें, आणि रुपया त्याच १८ पेन्सांनीं पौंडास बांधला गेला. दोन्ही नाणीं सोन्याच्या मानानें उतरल्यानें सोन्याचा भाव चढला, व खेडोपाडीं अडलेल्या कुटुंबांनीं अंगावरचे दागिने विकले. तें सोनें जहाजांत भरून परदेशीं गेलें.

पुढें १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन होऊन पौंडास २१ रुपये झाले. १९६७ सालीं पौंड उतरला तेव्हां १८. आणि १९७५ सालीं रुपया पौंडापासून सुटला. १९९३ पासून दर बाजारांत ठरतो व व्यवहारांत मुख्यतः डॉलरचें नांव घेतलें जातें. परंतु हिशेब बदललेला नाहीं. रुपया उतरला तर कापसास व द्राक्षांस चार पैसे अधिक येण्याचा संभव असतो; त्याच वेळीं बाहेरून येणारें पोटॅश व खनिज तेल महागतें. पीककर्ज मात्र रुपयांत लिहिलेलें असतें, तें तसेंच राहतें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येकानें आपल्या वहींत तीन रकाने आंखावेत: परदेशच्या भावावर अवलंबून असलेली विक्री, परदेशावर अवलंबून असलेली खरेदी, आणि न बदलणारें देणें. हंगामापूर्वीं हे तीन आंकडे समोर ठेवून मगच कर्जाची रक्कम ठरवावी. तिसरा रकाना जितका लहान, तितका दराचा फटका सौम्य. सोळा कीं अठरा हा प्रश्न आपल्या आजोबांस कोणी विचारला नाहीं; त्याचें उत्तर मात्र त्यांच्याकडून वसूल झालें. आपण निदान आपला हिशेब तयार ठेवूं या.